चाकरमान्यांनो, गणपतीला फोन आणा, पण जिवंत आणा

प्रति,
मुंबई, ठाणे, डोंबिवली, वसई-विरार आणि हल्ली पुण्यातसुद्धा राहणारे समस्त चाकरमानी यांस,
देवगड तालुक्यातल्या सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, एका वाडीतून साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या गणपतीत दुपारची जेवणं आटोपल्यावर पडवीत तुमची जी बैठक बसली, तिचा विषय होता आमचे फोन. आबांचा फोन वस्तुसंग्रहालयात द्या, असं एक म्हणाला. काकीचा फोन सुरू होईपर्यंत कोकणकन्या कुडाळला पोचते, असं दुसरा म्हणाला. हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. विनोद चांगले होते, कुडाळचा तर मी नंतर बाजारात स्वतःचा म्हणून खपवला. पण हसता हसता तुम्ही एक गोष्ट विसरलात. त्या पडवीतला एकूण एक स्मार्टफोन तुमच्याच बॅगेतून, फरसाण आणि अगरबत्तीच्या पुड्यांमधून गावात आलेला आहे. ज्यांना तुम्ही हसलात ते तुमचेच फोन होते, आम्ही फक्त त्यांचं म्हातारपण सांभाळतोय.

मी कोण? वाडीतला फोनवाला. शिक्षण वगैरे काही नाही, फार पूर्वी कोणाची तरी रिंगटोन बदलून दिली होती, त्यावर ही नेमणूक झाली. तेव्हापासून कोणाचाही फोन बंद पडला की तो आधी माझ्याकडे येतो. त्यामुळे तुमच्या घरातला फोन कुठून निघून कुठे पोचतो, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. नवा फोन घेतो दादा. त्याचा जुना जातो वहिनीकडे. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा वहिनीचा गेला पोराकडे, आणि पोराने त्यावर अभ्यास किती आणि गेम किती केले ते सांगायला नको. पोराने नवा मागितला तेव्हा कुणाला तरी गावची आठवण झाली. 'आईला देऊया, तिला काय, फक्त फोनच उचलायचाय.'

ह्या 'फक्त'वर माझा राग आहे.

हिशेब असा. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. अलीकडच्या चांगल्या फोनांत हा आकडा वाढलाय, पण आमच्याकडे येतात त्यांत नाही. रोज एकदा चार्ज धरला तरी सव्वा-दीड वर्षात ५०० होतात. म्हणजे फोन दादाकडे असतानाच त्याचं तारुण्य संपलं. त्यात बॅटरीला दोन गोष्टी अजिबात मानवत नाहीत. एक उष्णता आणि दुसरी शंभर टक्क्यांवर तासन्‌तास पडून राहणं. पोर उशीखाली फोन ठेवून रात्रभर चार्जिंगला लावायचं, तेव्हा दोन्ही एकदम साधत होतं. अशा तीन पिढ्या पार करून आलेला फोन आजीच्या हातात पडतो, आणि मग दादा मुंबईतून मला विचारतो, 'अरे, आई फोन का उचलत नाही?'

आजीचं उत्तर मी तिच्याच शब्दांत कळवतो. 'झील फोन करता तेव्हा फोन मेलेलो आसता, आणि फोन जितो आसता तेव्हा झील कामात आसता.'

वाडीतल्या फोनांची सध्याची प्रकृती थोडक्यात सांगतो. खालच्या घरातला फोन चार्जरची वायर काढली की बंद पडतो. त्याला आम्ही आता लँडलाइनच म्हणतो. काकूंनी त्याच्यासाठी खिडकीत फळी ठोकून घेतलीय आणि त्यावर क्रोशाचा रुमालही घातलाय, पूर्वी टेलिफोनवर घालायचे तसाच. शेजारच्या फोनचा चार्जिंगचा पॉइंट खाऱ्या हवेने आणि ओलीने गंजलाय. तो फोन चार्ज होतो, पण वायर एका ठरावीक कोनात धरावी लागते, आणि तो कोन घरात फक्त धाकट्या सुनेला जमतो. ती माहेरी गेली की घर संपर्काबाहेर. (नव्या फोनांचं तरी काय सांगू. जुलैच्या पावसात पॉइंटमध्ये ओल सापडली म्हणून चार्जिंगच घ्यायला नाही म्हणतात. कोकणात जुलैत ओल सापडली, यात शोध तो काय लावला?)

आबांचा फोन तीस टक्के दाखवत दाखवत पटकन मान टाकतो. आबांना वाटतं, फोन खोटं बोलतो. फोन पूर्ण खोटं बोलत नाही. बॅटरी जुनी झाली की तिच्या आत विजेला होणारा विरोध वाढतो. फोन गप्प पडून असेल तोवर ती भागवून नेते. पण कॅमेरा उघडला किंवा अशक्त रेंजवर फोन लावला की एकदम जास्त वीज लागते, बॅटरीचा विजेचा दाब (व्होल्टेज) खाली बसतो आणि फोन स्वतःच्या बचावासाठी बंद होतो. तीस टक्के आत कुठेतरी असतात, पण वेळेला उपयोगी पडत नाहीत. आबा आता पन्नासच्या खाली आलेला आकडा मानतच नाहीत.

वरच्या आळीतल्या आतेचा फोन मात्र मी काढून घेतला. त्याची मागची बाजू हळूहळू उचलली गेली आणि एक दिवस मालवणी वडा फुगावा तसा फोन टम्म झाला. आतेने वर पाटा ठेवून तो बसवायचा बेत केला होता. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. बॅटरी बिघडली की तिच्या आत वायू तयार होतो. ती दाबली, टोचली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते. फुगलेला फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, आणि आईकडे तर मुळीच पाठवायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे असताना हाच फोन दिवसभर चालायचा. चालत असेल. तुमच्या खिडकीतून टॉवर दिसतो. आमची वाडी दोन डोंगरांच्या मधल्या खोलगटात आहे आणि रेंज सड्यावर आहे. रेंज कमी असली की फोन गप्प बसत नाही. टॉवरपर्यंत आवाज पोचावा म्हणून तो जास्त जोर लावतो, आणि टॉवर सापडलाच नाही तर पुन्हा पुन्हा शोधत बसतो. नुसता खिशात पडून फोन गरम होतो तो यामुळे. तुम्हाला हा अनुभव वर्षातून एकदा येतो. दादरला शंभर टक्के घेऊन तुतारी एक्सप्रेसमध्ये बसता, वाटेत डोंगर आणि बोगदे लागतात, आणि साडेसहा किलोमीटरच्या करबुड्याच्या बोगद्यातून बाहेर येऊन रत्नागिरीला 'पोचतोय' म्हणून फोन लावायला जाता तेव्हा फोन लाल झालेला असतो. आम्ही त्या बोगद्यात बाराही महिने राहतो असं समजा. तिथे फोन विमान मोडवर टाकायची युक्ती तुम्ही करू शकता. आम्ही टाकला तर आजी विचारते, झिलाचा फोन कधी येणार?

आणि 'फक्त उचलायचाय' हेही खरं राहिलेलं नाही. गॅसचा ओटीपी येतो, बँकेचा येतो, केवायसीचा येतो. सगळ्यात कळस म्हणजे ई-पीक पाहणी. २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करायची. शेतात उभं राहून, जागेची नोंद घेऊन, फोटो काढून. कल्पना वाईट नाही. पण बॅटरीच्या बाजूने बघा. भर उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून उजेड पूर्ण वाढवायचा. जीपीएस चालू. कॅमेरा चालू. इंटरनेट चालू आणि रेंज एक काडी. फोनमध्ये वीज खाणाऱ्या जेवढ्या गोष्टी आहेत त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच भातशेतात उभ्या.

आबांची पाहणी आम्ही अशी केली. घरी शंभर टक्के केले. फोन बंद करून आबांनी तो टॉवेलात गुंडाळून काखेत घेतला, वाटेत कोणाशी बोलले नाहीत, उगाच फोनला त्रास नको म्हणून. बांधावर उभं राहून फोन सुरू केला. सुरू होतानाच बारा टक्के गेले. अ‍ॅप उघडलं, त्याने अपडेट मागितलं. अपडेटसाठी रेंज हवी म्हणून सड्यावर गेलो. सड्यावर अपडेट झालं, पण आता अ‍ॅप म्हणायला लागलं, तुम्ही शेतापासून लांब आहात. खाली आलो. जागा लागली, गट क्रमांक सापडला, आबांनी कॅमेरा भाताकडे धरला आणि त्रेचाळीस टक्क्यांवर फोन गेला. आबा फोनला काय म्हणाले ते ह्या पत्रात बसणार नाही. शेवटी माझ्या फोनवरून नोंद केली. तरी काका अजून सांगतात की खळ्यातून वायर ओढली असती तर झालं असतं. खळ्यापर्यंत वायर पोचते हो, मळ्यापर्यंत नाही पोचत.

ह्या सगळ्या गोतावळ्यात एकच फोन असा आहे की ज्याच्याबद्दल माझ्याकडे आजवर एकही तक्रार आलेली नाही. तो तात्यांचा नोकिया ११००. हा फोन २००३ साली बाजारात आला. डोक्यावर टॉर्च, बटणांवर धूळ आत जाऊ नये म्हणून एकसंध रबर. जगभरात पंचवीस कोटींच्या वर विकला गेला. बॅटरी बीएल-५सी, ८५० एमएएचची, आणि कंपनीच्या कागदावर नुसता चालू ठेवला तर ४०० तासांपर्यंत. तास म्हणतोय मी, म्हणजे सोळा दिवसांच्या वर. आज तुमच्या खिशात त्याच्या जवळजवळ सहापट मोठी, ५००० एमएएचची बॅटरी असते आणि रात्री जेवायच्या आत तुम्ही प्लग शोधत फिरता. त्यात जादू काही नव्हती. स्क्रीन टीचभर आणि काळी-पांढरी, इंटरनेट नाही, आणि फोन आला नाही तर बिचारा झोपून राहायचा. तुमचा फोन रात्री दोनलासुद्धा सोसायटीच्या ग्रुपवरची सुविचारांची चित्रं उतरवून घेत असतो.

पण तात्यांच्या फोनची खरी करामत वेगळीच आहे. मागचं झाकण नखाने उघडतं. बॅटरी थकली की तात्या बाजारात जातात, दुसरी आणतात, घालतात, संपलं. ती बॅटरी लहानसहान रेडिओंतही चालते, त्यामुळे अजून दुकानात मिळते. नोकियाचं सगळं सोन्याचंच होतं असं नाही. २००७ मध्ये ह्याच बीएल-५सीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापू शकतात म्हणून कंपनीला बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली होती. पण बदलून देता आल्या, कारण त्या फोनमधून निघत होत्या.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावांतली लाइट गेली ती दिवसचे दिवस आली नाही. स्मार्टफोन पहिल्या रात्रीच झोपले. तात्यांचा जागा होता. एवढं मात्र खरं की तात्यांचा फोन जागा असून उपयोग नव्हता, कारण टॉवरच्या स्वतःच्या बॅटऱ्यासुद्धा थोड्या वेळाने संपल्या होत्या. तरी टॉर्च चालू होता, आणि आख्खी आळी त्या उजेडात परसाकडे जाऊन आली.

विषय निघालाच आहे तर सांगतो. लिथियमच्या बॅटरीसाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, नोबेल मिळालेल्यांत सगळ्यात वयस्कर. २०२३ मध्ये ते शंभर पूर्ण करून गेले. हे ऐकून आबा म्हणाले, 'स्वतःची बॅटरी बरी होती, आमकाच अशी दिल्यानी.'

कंपन्यांना पत्र का लिहीत नाही, असं कोणी विचारेल. बॅटरी गोंदाने चिकटवून आत बंद केली ती त्यांनीच. अ‍ॅपलने तर डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं की जुनी बॅटरी असलेले काही आयफोन सॉफ्टवेअरने मुद्दाम हळू केले जात होते, का तर ते अचानक बंद पडू नयेत. म्हणजे आबांचाच आजार, फक्त औषध गिऱ्हाइकाला न सांगता पाजलं. मग पुढचं वर्षभर बॅटरी स्वस्तात बदलून दिली, आणि २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला तो वेगळा. युरोपात लोक आता कायदा करूनच बसलेत. २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज होऊनही किमान ८० टक्के राहिली पाहिजे, आणि फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, ती वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलंय. चांगलं आहे. पण ते उघडायला लागणारा फोन चार्जिंगला लावलाय. आणि युरोपातले ते टिकाऊ फोन दादा, वहिनी, पोर असे उतरत आमच्या वाडीत यायला २०३५ उजाडेल. तोवर आमचा व्यवहार तुमच्याशी आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

मागणं मोठं नाही. जुना फोन जरूर द्या. जुन्या फोनला आम्ही नावं ठेवत नाही. नव्या बॅटरीवर चार वर्षांचा फोन आजीला आणखी तीन वर्षं सहज पुरतो. पण बॅटरी बदलून द्या. ते तुमच्या स्टेशनाबाहेर अर्ध्या तासाचं काम आहे, आमच्यासाठी कणकवलीची एक खेप. त्यातही अमुक मॉडेलची बॅटरी 'मागवावी लागेल' असं उत्तर मिळतं, आणि मागवलेली बॅटरी चतुर्थीला सांगितली तर दिवाळीला येते. जेवढ्या पैशांत आणलेले पेढे दुसऱ्या दिवशी मुंग्या खातात, त्यात थोडी भर घातली की बॅटरी होते.

देण्याआधी फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालतं का तेही बघा. एका भाच्याने मोठ्या मनाने आयफोन ६ दिला. २०१४ चा. गावात आयफोन आला म्हणून शेजारपाजारचे बघायला आले. पण मे २०२५ पासून त्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बंद झालंय, आणि आजीला व्हॉट्सअ‍ॅपशिवाय दुसरं काही नको होतं. आता त्यावर भजनी मंडळ तालाचं अ‍ॅप लावतं. आणि फोन पुसून देताना आधी तुमचं गुगल खातं त्यातून काढा हो! तसाच पुसलात तर फोन सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो. तुम्हाला फोन लावावा तर तुम्ही मीटिंगमध्ये, आणि संध्याकाळी सापडलात तर म्हणता, 'पासवर्ड ना, बहुतेक बंटीचा वाढदिवस असेल.' बंटीचे सगळे वाढदिवस घालून झाले. बंटीचा नाही.

चतुर्थीला देवासमोर गाऱ्हाणं घालताना यंदा ह्या विषयाचा समावेश करायचं वाडीत ठरलंय. आधीच कळवून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी कोणाला वाईट वाटायला नको.

'बा देवा रवळनाथा, आज ही जी काय लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत, तेंचा गाऱ्हाणा आयक रे म्हाराजा!'
'व्हय म्हाराजा!'
'मुंबैसून जो कोण जुनो फोन घेवन येतलो, तेका नवी बॅटरी घालूची बुद्धी दी रे म्हाराजा!'
'व्हय म्हाराजा!'
'आणि जो कोण बॅटरी एकदम बरी आसा म्हणान खोटा सांगतलो, तेच्या स्वताच्या फोनात करबुड्याच्या बोगद्यात चार्जिंग उरांदे नको रे म्हाराजा!'
'व्हय म्हाराजा!'

शेवटचं वाक्य आबांनी घातलंय. बदलायला तयार नाहीत.

बाकी सर्व क्षेम. भात बरं आहे. पडवीच्या छपराचे दोन नळे बदलायचे आहेत, माणूस सांगून ठेवलाय. तुमची खोली झाडून ठेवू. तिथे प्लग एकच आहे आणि तो आजीच्या फोनसाठी राखीव आहे, तेव्हा आपापले पॉवर बँक भरून आणावेत.

कळावे, लोभ आहेच,
वाडीचा फोनवाला

ता. क. : फोनसोबत त्याची वायरसुद्धा आणा. तो आयफोन आला तेव्हा त्याची वायर घाटकोपरला राहिली होती, आणि वाडीत कोणाकडेच तसली नव्हती. स्टेशनाबाहेरची वीस-तीस रुपयांची नको. ती आम्हालाही इथल्या जत्रेत मिळते.